अमेरिकेत जुनी बंदूक 'क्युरिओ अँड रेलिक' कधी ठरते?

आजोबांची दुसऱ्या महायुद्धातली रायफल आपोआप 'क्युरिओ अँड रेलिक' या, संग्राहकांच्या बंदुकांसाठीच्या कायदेशीर वर्गात बसते का, असं विचारलंय. बहुधा हो. एटीएफचा (बंदुकांचे नियम राबवणारी अमेरिकी सरकारी संस्था) मुख्य निकष वयाचा: बनवून किमान 50 वर्षं झालेली हवीत, प्रतिकृती चालत नाही. पण मूळ रूपही टिकलेलं हवं, आणि घोळ इथेच होतो. मोसिन-नागांट या जुन्या रशियन रायफलीचा लाकडी दस्ता कापून, नळी आखूड करून कुणी शिकारीची रायफल केली असेल, तर वय भरूनही ती बाद. उलट, पन्नाशी न गाठलेलीही बसू शकते. सरकारी संग्रहालयाच्या क्युरेटरने प्रमाणित केली, किंवा दुर्मिळपणामुळे वा ऐतिहासिक व्यक्तीशी असलेल्या संबंधामुळेच तिची किंमत चढली असेल तर. 1898 किंवा त्याआधी बनलेली मात्र 'अँटिक' या वेगळ्या वर्गात जाते. संग्राहकाचा परवाना 30 डॉलरला, 3 वर्षांसाठी मिळतो. त्यावर धंदा करता येत नाही.