शिक्का आहे, पण कोणाचा?

प्रश्न : परदेशी बिस्किटांच्या पुड्यांवर कधी वर्तुळातला ‘यू’ दिसतो, कधी नुसता ‘के’. दोन्ही कोशरच्या, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांत बसणाऱ्या पदार्थांच्या, खुणा म्हणे. पण कंपनीच पैसे मोजून शिक्का घेते, तर विश्वास कसा ठेवायचा? आणि हे पदार्थ शाकाहारी समजायचे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे कंपनीच मोजते, खरं आहे. मी ठाण्याचा बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा ज्यू. नोकरी झाली निर्यातीच्या मसाल्यांच्या कारखान्यात, क्वालिटी खात्यात. आजीला शिक्का वगैरे ठाऊक नव्हता. हझाननं, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यानं, कापलेली कोंबडी, खवल्यांचा मासा, मांसात दूध चालत नाही म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, संपलं कोशर. माणूस ओळखीचा होता ना!

कारखान्यात ती ओळख कुठून आणणार? आमच्याकडे आलेल्या मशगियाखनं, म्हणजे तपासनिसानं, मसाल्याच्या गोण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बॉयलरपाशी गेला. ही वाफ आणखी कोणत्या मशीनला जाते? तिचं पाणी होऊन परत कुठून येतं? कोशर नसलेलं काही शिजलेल्या मशीनमधून फिरून आलेली वाफ चालत नाही ना! मग फ्लेवरचं पिंप : यातलं ग्लिसरीन चरबीचं की पामतेलाचं? साहेबांना घाम फुटला होता.

ज्यूंमध्ये पोपसारखं एकच पीठ नाही. शिक्का म्हणजे कुणा रब्बीची, म्हणजे ज्यू धर्मगुरूची, किंवा संस्थेची हमी. वर्तुळातला ‘यू’ न्यूयॉर्कच्या ऑर्थोडॉक्स युनियनचा. 1920 च्या दशकात हाइन्झच्या डबाबंद बीन्सवर तो आला. खोट निघाली तर बुडतं ते संस्थेचं नाव, आणि विकायला तिच्याकडे दुसरं आहे काय? नुसत्या ‘के’वर मात्र कुणाची मालकी नाही, कुणीही छापावा. मागे कोण आहे, हे कंपनीलाच विचारावं लागतं.

इस्राएलमध्ये गोष्ट वेगळी. 1983 च्या कायद्यानं ‘कोशर’ ठरवण्याचा मक्ता सरकारी रब्बी मंडळाकडे गेला, आणि तपासनिसाचा पगार बहुधा हॉटेलमालकच देई. तो खाल्ल्या मिठाला जागणार की धर्माला? 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वाट मोकळी केली : ‘कोशर’ न म्हणता आपली देखरेख कशी आहे ते हॉटेलांना लिहिता येईल. पुढच्याच वर्षी त्झोहार या रब्बींच्या संस्थेनं स्वतःची देखरेख सुरू केली. मला हे योग्यच वाटतं. आमच्यातल्या काहींना अजिबात नाही.

शाकाहाराचं म्हणाल तर फसू नका. शिक्क्याशेजारी ‘पारेव’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की आत दूध-मांस नाही. अंडं, मासा चालतो. तुम्ही आपला हिरवा ठिपकाच शोधा.