बाळासाठी घरी राहणारी ताई ठेवताना

अगं घाबरू नकोस, जमतं सगळं, फक्त तुझी बाळंतपणाची रजा संपत आल्यावर ताई शोधायला लागू नकोस, मग मिळेल तिला हो म्हणावं लागतं. ती आधी जिथे काम करायची त्या घरी स्वतः फोन कर, एजन्सीने चौकशी केलीय म्हणाले तरीही.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: ती घरात राहते म्हणजे चोवीस तास कामावर नसते गं! झोपेची वेळ, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख, काम फक्त बाळाचं की स्वयंपाकपण, सगळं लिहूनच ठरवा. तिला नीट झोपायला जागा हवीच.

पहिले काही दिवस तू घरात थांब आणि हे दाखव:
- बाळाला पाठीवरच झोपवायचं
- वर्षाच्या आत मध अजिबात नाही
- घशात काही अडकलं तर काय करायचं

कॅमेरा लावलास तर तिला आधी सांग. बाकीचं नंतर बघू.