गोवंडीत रुजू होण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

वस्तीतल्या फॅमिली डॉक्टरांना साथ देण्याचं काम तू निवडलंस, याचा मनापासून आनंद झाला. तुझा आराखडा वाचला. पहिल्याच महिन्यात डॉक्टरांसाठी प्रशिक्षण शिबिर आहे. ते पुढे ढकल, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

मुंबईतल्या झोपडपट्टीत दवाखाना चालवणाऱ्या १०० खासगी डॉक्टरांनी क्षयरोगावर ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्या, असं १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. २०१० मध्ये पुन्हा तशी पाहणी आली. १०६ डॉक्टर, ६३ औषधयोजना, आणि बरोबर औषधयोजना लिहिणारे डॉक्टर फक्त ६. हे आकडे डॉक्टरांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून सांगितले जातात. अज्ञान होतंच. पण मधल्या काळात नियमावल्या आल्या, सरकारी कार्यक्रम आला, तरी दवाखान्याच्या आतली परिस्थिती बदलली नव्हती, हे त्यातून मला जास्त ठळक दिसतं.

ती परिस्थिती समजून घे. पेशंट येतो रात्री नऊला, काम आटोपून. सरकारी ओपीडी तेव्हा बंद असते आणि सकाळी जायचं तर खाडा पडतो. डॉक्टरांच्या फीतच दोन-तीन दिवसांच्या गोळ्या. बाहेर रांग. एक्सरे लिहिला तर हा माणूस तो काढणार नाही, कदाचित परत येणारही नाही, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं. मग खोकल्याचं औषध, एक अँटिबायोटिक, ‘तीन दिवसांनी या’. सलाइनचंही तसंच. ‘ताकदीची बाटली लावा’ म्हणणाऱ्याला एकट्या डॉक्टरांनी नकार दिला, तर तो शेजारच्या दवाखान्यात जातो. गल्लीतल्या डॉक्टरांनी मिळून ठरवलं तरच ‘नाही’ म्हणणं परवडतं. त्यांना एकत्र बसवणं हे तुझं काम.

२०१४ पासून मुंबईत एका प्रकल्पानं वेगळी वाट धरली. खासगी डॉक्टरांकडेच राहणाऱ्या क्षयरुग्णांना तपासणी आणि औषधांची मोफत व्हाउचर मिळाली, जीनएक्स्पर्टसारखी, क्षयाचे जंतू काही तासांत ओळखणारी चाचणी आवाक्यात आली आणि उपचार सुटू नयेत म्हणून पाठपुरावा करायला माणसं नेमली. डॉक्टरांना योग्य तेच करणं सोपं झालं. साथ म्हणतात ती याला.

आजही क्षयरुग्णाची नोंद केल्यावर खासगी डॉक्टरांना ५०० रुपये आणि उपचारांचा शेवट काय झाला ते कळवल्यावर आणखी ५०० रुपये देण्याची सरकारी तरतूद आहे. पण निक्षय या क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरायची कुणी? कंपाउंडर पुड्या बांधतोय, डॉक्टर नाडी बघतायत. तू माणूस दे. नोंदी भरणारा, थुंकीचा नमुना प्रयोगशाळेत पोचवणारा, पेशंट गावाला निघून गेला तर फोन करणारा. रुग्णाला पोषणासाठी महिन्याला मिळणारे १००० रुपये खात्यात आले का, हेही त्यानंच बघावं.

या दवाखान्यांच्या पाट्यांवर बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस अशा आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानीच्या पदव्या दिसतील. त्या वाचून तुझा सूर बदलू देऊ नकोस. कायद्याच्या मर्यादा स्पष्ट बोल, पण रात्री अकरापर्यंत इथे दुसरं कुणी बसत नाही, हेही लक्षात ठेव.

चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथेच ती कमी मिळते, असं ज्यूलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९७१ साली मांडलं. ते वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करत. पुढे २००९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सर्वांत वंचित वस्त्यांतले १०० दवाखाने एकत्र आले; त्यांतले बहुतेक ग्लासगोचे. आपल्या पेशंटांना नेमकं काय लागतं, हे तिथल्या डॉक्टरांनीच अहवालांतून सांगायला सुरुवात केली. गोवंडीच्या डॉक्टरांचं असं म्हणणं कुणी लिहून घेतलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तू ते घे. दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा जा, पण आधी फोन करून. बैठकीसाठी त्यांचा दवाखान्याचा वेळ जाणार असेल, तर त्याचा मोबदला अंदाजपत्रकात धर. ही रक्कम कापायला सांगतील, तेव्हा मला कळव. मी तुझ्यासोबत येऊन बोलेन.