सामंत, सावंत आणि सरंजाम

अंधेरीची एक मैत्रीण हिंदी ऐतिहासिक मालिकेचे मराठी संवाद लिहिते. तिने विचारलंय: ‘सामंत’ तसाच ठेवू की ‘मांडलिक’ करू? आणि ‘सामंतवाद’चं काय?

मांडलिकच कर. पण आधी सामंताची गंमत ऐक. हा मुळात ताबेदार नव्हताच, शेजारी होता. संस्कृतात ‘समन्त’ म्हणजे चहूबाजूंचं, लगतचं. शिवेचा तंटा पडला आणि साक्षीदार मिळेना, तर लगतच्या चार गावांनी निवाडा करावा, असं मनुस्मृती सांगते. त्या गावकऱ्यांना तिथे ‘सामन्तवासी’ म्हटलंय. कौटिल्याकडे सामंत म्हणजे शेजारचा राजा. पुढे बलाढ्य राजे या शेजाऱ्यांना नमवून गादीवर ठेवू लागले, त्यांच्याकडून खंडणी नि फौज घेऊ लागले. सातव्या शतकात बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त येईपर्यंत सामंत पुरता अंकित झालेला दिसतो.

आपल्या ठाणे-मुंबईवर राज्य करणारे शिलाहार हे राष्ट्रकूटांचे असेच सामंत. ताम्रपटांत ते ‘महासामंताधिपति’ म्हणून मिरवतात, आणि राष्ट्रकूट बुडाल्यावरही बिरुद काही सोडत नाहीत!

बोलीत शब्द झिजला. ग्रामचं गाव, नामचं नाव, तसा सामंतचा सावंत. संस्कृत रूपही आडनावात टिकलंच. दादरच्या कुठल्याही जुन्या चाळीत टपालपेट्या बघ, सामंत आणि सावंत शेजारीशेजारी सापडतील. अडचण हीच आहे. ‘सर्व सामंत दरबारात हजर झाले’ असं लिहिलंस, तर निम्म्या मुंबईला सोसायटीची मीटिंग आठवेल.

‘मांडलिक’ मात्र जिवंत आहे. एखादा प्रादेशिक पक्ष ‘दिल्लीचा मांडलिक’ झाला, हे वर्तमानपत्रात रोजचं. त्यात टोमणा असतो, पण अर्थ तोच: गादी आपली, हुकूम दुसऱ्याचा.

‘सामंतवाद’ला मराठीत ‘सरंजामशाही’ म्हणतात. सरंजाम फारसीतून आला. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी सरदाराला लावून दिलेल्या मुलखाच्या वसुलीला सरंजाम म्हणत. ‘सामंतशाही’ कुणी लिहिलं तर कळेल, पण हिंदीचा वास येईल. एक सांभाळ: ‘सरंजाम’ एकटा आला की तो निव्वळ सामानसुमानही असतो. आमच्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री आई ‘पूजेचा सरंजाम काढून ठेवा’ म्हणते, तेव्हा ताम्हन, पळी, समया आणि कापूर एवढंच अभिप्रेत असतं.