विचारा तर खरं : नवा तांदूळ, जुना तांदूळ आणि पाण्याचं माप

गेल्या अंकात म्हटलं होतं की पुढच्या वेळी भाताचे प्रश्न घेऊया, तर मेसेज भरपूर आले आणि वाचताना एक गोष्ट लगेच लक्षात आली, जवळजवळ सगळ्यांनी पाणी किती घालायचं ते विचारलंय पण तांदूळ कुठला आणि तो नवा की जुना हे कुणीच लिहिलेलं नाही. आधी तांदूळ, मग पाणी, असंच असतंय ते. आजची बरीचशी उत्तरं त्याच्याच भोवती फिरणार आहेत.

प्रश्न : काकू, लग्नानंतर आम्ही दोघंच राजारामपुरीत राहतोय. एकाला दोन पाणी आणि तीन शिट्ट्या असा हिशोब सासूबाईंनी दिला होता. दिवाळीपर्यंत भात मस्त मोकळा व्हायचा, आता त्याच दुकानातनं तोच कोलम आणला तर नुसता गिचका होतोय. कुकर बिघडला असेल का?

अगं कुकर अगदी ठीक आहे, तांदूळ बदललाय. भाताची काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि त्यानंतर गिरणीतनं नवा तांदूळ बाजारात यायला लागतो, त्यामुळं नाव तेच, दुकान तेच, पिशवी तीच, पण आत नव्या पिकाचा माल. नवा तांदूळ लवकर शिजतो, पाणी कमी पितो आणि त्याचा स्टार्च पटकन बाहेर येऊन शितं एकमेकांना धरतात. तोच तांदूळ वर्षभर ठेवला की दाणा आतनं कडक होतो, पाणी जास्त ओढतो, फुलतोही जास्त आणि शितं सुटी राहतात. म्हणून तर जुना तांदूळ महाग असतो आणि जुनी माणसं दुकानात आधी "नवा की जुना?" एवढंच विचारायची. लक्ष्मीपुरीत धान्य घ्यायला गेलीस की तूही बिनधास्त विचार, चांगला व्यापारी खरं सांगतो.

आता माप. जुना कोलम असेल तर एका वाटीला सव्वादोन, कधी अडीच वाट्या पाणी. नवा असेल तर पावणेदोननं सुरुवात कर. इंद्रायणीचा स्वभावच मऊ, त्यात आंबेमोहोराचं रक्त आहे, तो बासमतीसारखा मोकळा करायच्या नादाला लागू नकोस, त्याला पावणेदोन ते दोन घाल आणि मऊ म्हणूनच खा, आमटीशी फार छान लागतो. बासमती जुना असेल तर अर्धा तास भिजवून दीड वाटी पुरतंय. तांदळात दोन तऱ्हेचा स्टार्च असतो, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन, पहिला जास्त असला की भात मोकळा होतो आणि दुसरा जास्त असला की चिकट, म्हणजे हे सगळं दाण्यातच ठरलेलं असतं, आपल्या हातात फक्त त्याला साजेसं पाणी देणं आहे.

नवीन पोतं किंवा पिशवी फोडलीस की पहिल्या दिवशी पाहुणे नसताना एक वाटीच लाव, जमलेलं माप कागदावर लिहून डब्याला चिकटव. पिशवी संपली की कागद काढून टाक, पुढच्या पिशवीला ते माप लागू होईलच असं नाही.

आणि ते शिट्ट्यांचं. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी, गॅस मोठा असला की भराभर तीन होतात आणि भात कच्चट राहतो, बारीक असला की तीन व्हायला वीस मिनिटं लागतात. त्यापेक्षा एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून पाच-सहा मिनिटं ठेव आणि बंद कर. मग शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, वाफ आपसूक जिरू दे, दहा मिनिटं लागतात. वरचं आणि तळाचं पाणी या वेळातच दाण्यांत सारखं मुरतं, भात खरा इथं तयार होतो आणि घाईत नेमकी हीच दहा मिनिटं कापली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. उघडल्यावर लगेच पळी फिरवू नकोस, गरम शितं मऊ असतात आणि तुटतात.

प्रश्न : मी विद्यापीठाजवळ रूम घेऊन राहतो. इलेक्ट्रिक राइस कुकर घेतलाय, तो आपोआप बंद होतो म्हणतात पण त्याला कळतं कसं? आणि माझा भात तळाला लागतो.

अरे कळतं ते तळाच्या गरमीवरनं. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ साधारण १०० अंशाच्या वर जात नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी तांदळानं पिऊन टाकलं आणि उरलेलं उडून गेलं की तळाचं तापमान एकदम वर चढतं आणि खालचा स्विच पडतो. म्हणजे स्विच पडला याचा अर्थ पाणी संपलं एवढाच, भात मुरला असा नाही. तेव्हा 'वॉर्म' वर दहा मिनिटं तसाच ठेव, झाकण न उघडता. तळाला लागतोय याची दोन कारणं, एकतर तांदूळ नीट धुतला नाहीस, वरचं पीठ तळाला बसून करपतं, दोन-तीन पाण्यानं हलक्या हातानं धू, किंवा तासन् तास वॉर्मवर ठेवून लेक्चरला जातोस. शिवाय कुकरबरोबर जो छोटा कप मिळतो तो बहुतेक १८० मिलीचा असतो, आणि भांड्यावरच्या रेघा त्याच कपाच्या हिशोबानं असतात, चहाच्या कपानं तांदूळ मोजून त्या रेघेपर्यंत पाणी घातलंस तर हिशोब चुकणारच.

प्रश्न : आजऱ्याच्या पाहुण्यांनी घनसाळ तांदूळ दिलाय. भरडलेला, कांडलेला, सगळं घरचं. पण कुकरला लावला तर शिजताना सगळी आळी घमघमली आणि ताटात वास नावालाच. असं का?

ताई, तुम्ही फार भाग्यवान, घरचा घनसाळ मिळणं सोपं नाही. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून नाव सगळीकडं झालं आणि त्या नावाखाली दुसराच बारीक तांदूळ विकणारेही वाढले, त्यामुळं ओळखीतनं आलेला असेल तर जपून वापरा.

वासाचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. आळी घमघमली म्हणजे वास शिट्टीवाटे बाहेर गेला. सुवासिक तांदळाच्या वासामागं जो मुख्य घटक असतो त्याला २-अॅसिटिल-१-पायरोलीन म्हणतात, बासमतीत तोच आणि कोकणात परसात रंपा लावून त्याचं पान भातात टाकतात त्या पानातही तोच, आणि तो उष्णतेनं उडून जाणारा आहे. जितका वेळ रटरटणं जास्त तितका वास कमी. म्हणून घनसाळ वीस मिनिटं भिजवा, त्यानं शिजायचा वेळ कमी होतो, जाड बुडाच्या पातेल्यात आधण ठेवा, उकळी फुटली की तांदूळ वैरा, थोडं मीठ, पुन्हा उकळी आली की गॅस अगदी बारीक आणि घट्ट झाकण. बारा-तेरा मिनिटांत होतो. मधे मधे झाकण उघडून बघायचं नाही. बंद करून दहा मिनिटं मुरू द्या आणि झाकण ताटावरच उघडा, म्हणजे वास जेवणाऱ्यांना मिळेल, ओट्याला नाही.

पाणी दुपटीपेक्षा थोडं कमीच, पण पुन्हा तेच, तो या वर्षीचा आहे का गेल्या वर्षीचा ते पाहुण्यांना फोन करून विचारा. साठवताना उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात गार जागी ठेवा, नुसता ठेवूनही वास हळूहळू कमी होतोच, तेव्हा सणासाठी राखून राखून वर्ष काढू नका. आणि कृपा करून त्याचा मसालेभात करू नका. लवंग दालचिनीपुढं घनसाळ कुणाला कळणार? गोडं वरण, तूप, लिंबाची फोड, झालं.

प्रश्न : रविवारी पंधरा माणसं होती, मटण तांबडा-पांढरा सगळं एक नंबर झालं पण भातानं घात केला. घरी चौघांना करतो त्याच मापात चौपट केला तर खाली लगदा आणि वर कच्चा. (कसबा बावडा)

दादा, हा प्रश्न फार जणांना पडतो म्हणून नीट सांगते. आपण जे पाणी घालतो त्यातलं काही तांदूळ पितो आणि काही वाफेनं उडतं. तांदूळ चौपट केला की पिण्याचं पाणी चौपट लागतं हे बरोबर, पण उडणारं पाणी चौपट होत नाही, ते पातेल्याच्या तोंडावर आणि वेळेवर अवलंबून असतं. त्यामुळं सरसकट चौपट घातलं की जादा पाणी तळाशी राहून लगदा होतो, शिवाय वरच्या भाताचं वजन खालच्यावर. मोठ्या मापाला उंच डेगीपेक्षा पसरट पातेलं घ्या, आणि एकाला दोन घालत असाल तर सव्वा किलो तांदळाला एकाला पावणेदोनच्या आतच राहा.

पण माझं स्पष्ट मत, दहाच्या वर माणसं असली की मोजून पाणी घालायचंच नाही, भात वेळून घ्यायचा. भरपूर पाण्याला खळखळून उकळी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, भिजवलेला तांदूळ वैरायचा, शित बोटात दाबून बघायचं, मधे बारीक कणी लागली की लगेच चाळणीत ओतायचा. पुन्हा पातेल्यात, खाली तवा, वर घट्ट झाकण, दहा-पंधरा मिनिटं वाफेवर. मापाची कटकटच नाही. पेज फेकू नका, मीठ आणि जिरं घालून पोरांना द्या.

माणशी ७५ ते ८० ग्रॅम कोरडा तांदूळ धरा, भाकरी असली तर त्याहून कमी. रश्शाबरोबर जुना कोलम घ्या, पांढरा रस्सा ओतल्यावर चिकट भाताचा गोळा होतो आणि रस्सा आत शिरतच नाही. आणि मटणाचं अळणी पाणी, म्हणजे तिखट न घालता मटण शिजवलेलं पाणी, उरलं असेल तर निम्मं पाणी तेच घालून थोडा अळणी भात वेगळा करा, लहान पोरं आणि तिखट न खाणारी म्हातारी माणसं तुम्हाला दुवा देतील. फक्त अळणीत आधीच मीठ असतं ते विसरू नका.

प्रश्न : आमच्यात रात्रीचा उरलेला भात ओट्यावरच असतो, सकाळी फोडणीचा. सून म्हणते फ्रीजमध्येच ठेवायचा. आम्ही जन्मभर असाच खाल्ला, काय झालं नाही. (वय ७१, शाहूपुरी)

काका, इथं मी सूनबाईंच्या बाजूनं आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात, आणि मुख्य म्हणजे त्यातलं उलट्या करणारं विष फोडणीच्या गरमीनं जात नाही. भाताला वासही येत नाही म्हणून कळत नाही. थंडीत ओटा गार असतो, धोका कमी, पण एप्रिल-मे मध्ये कोल्हापुरात रात्रीसुद्धा स्वयंपाकघर तापलेलं असतं. तेव्हा जेवणं झाली की भात परातीत पसरून गार करा आणि तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशीच संपवा. यात तुमचाच फायदा पण आहे बघा, फ्रीजमधला भात कडक आणि सुटा होतो, त्यामुळं फोडणीचा भात त्याचाच जास्त चांगला होतो. तुमच्या वयात उलट्या-जुलाब झेपत नाहीत, एवढं माझं ऐका.

प्रश्न : पेज काढली की भातातली साखर जाते का? आईला डायबेटिस आहे.

नाही. थोडा स्टार्च पाण्यात जातो, पण ताटात राहतो तोही स्टार्चच असतो. आईंची वाटी लहान करा, सोबत डाळ आणि भाजी वाढवा, आणि किती खायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

प्रश्न : भात पिवळट होतो, तांदूळ तर पांढरा शुभ्र आहे.

बोअरचं पाणी वापरताय का? क्षारांचं पाणी असलं की भातावर पिवळट झाक येते. शिजवताना अर्धा चमचा लिंबाचा रस घाला, भात पांढरा राहतो, एवढ्यानं आंबट लागत नाही. नाहीतर भातापुरतं पिण्याचं पाणी घ्या.

प्रश्न : करपलेला भात वाचतो का?

वरचा वाचतो. वास आल्याबरोबर गॅस बंद, आणि अजिबात ढवळायचं नाही, तळ खरवडायचा नाही. वरचा भात अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि पाच मिनिटं झाकण उघडं ठेवा, धुराचा वास बराच निघून जातो. कणी राहिली असेल तर त्यावर गरम पाण्याचा हबका मारून, खाली तवा ठेवून परत वाफ द्या. खालची खरपुडी नुसती लालसर असेल तर ती तूप-मीठ लावून खाऊन टाका, काळी असेल तर पातेलं भिजत घाला.