जनरेटरचं इंजिन चढ-उतार करतंय, मेकॅनिक बोर करायला सांगतोय. करू का?

नका करू. कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, उघडून पाहिल्याशिवाय तर मुळीच नका.

तुम्ही लिहिलंय की पेट्रोलचा जनरेटर चार महिने पडून होता, आता सुरू होतो पण व्हूंऽ व्हूंऽ करत आवाज चढतो-उतरतो, आणि चोक अर्धा ओढून ठेवला की सुरळीत चालतो. मेकॅनिकने रिंग-पिस्टन आणि बोरिंगचे, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून घासून नव्या मापाचा करायचे, साडेपाच हजार सांगितलेत. ते चोकचं वाचलं आणि लिहायलाच बसलो. एकोणीस वर्षांचा असताना हेच मी आमच्या दुकानात चारदा सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही.

इंदूरला रामबागेत बाबांचं झेरॉक्सचं दुकान होतं. २००२ सालचं मध्य प्रदेशातलं लोडशेडिंग ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात लाईट जरा बरी असायची, म्हणून जनरेटर कोपऱ्यात पडून राहिला, टाकीत उन्हाळ्यातलंच पेट्रोल. दिवाळीच्या सुमारास पुन्हा बाहेर काढला तर हीच तऱ्हा. ट्यूबलाईट धडधडल्यासारखी कमी-जास्त व्हायची, गिऱ्हाईक दारातूनच परत जायचं. मेकॅनिकने दोनदा दोरी ओढली आणि निकाल दिला, "भिया, बोर गया इसका." दादा लगेच हो म्हणाला. बाबांनी आरडी मोडली.

मी मात्र रोज मशीनजवळ उभा असायचो. झेरॉक्सचा हीटर लागला की इंजिन एकदम एकसुरात चालायचं आणि हीटर सुटला की पुन्हा हेलकावे सुरू. बोर झिजलेला असता तर लोड आल्यावर इंजिनने मान टाकली असती, सुधारलं नसतं.

होतं काय, की लोड नसताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ बंद असतं आणि पेट्रोल मुख्यतः पायलट जेट नावाच्या बारीक भोकातून येतं. ते भोक सुईच्या नेढ्यापेक्षा बारीक असतं. तिथे जुन्या पेट्रोलचा डिंक बसला की पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन खाली बसतं. इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, मोठ्या मेन जेटमधून पेट्रोल येतं, इंजिन उसळतं. गव्हर्नर परत बंद करतो, की पुन्हा तेच. चोक अर्धा ओढला की हवा अडते, हिशेब जमतो. जनरेटर ५० हर्ट्झ द्यायला बहुधा ३००० आरपीएमवर बांधलेला असतो, म्हणून हे हेलकावे दिव्यात लगेच दिसतात.

बोरिंग झालं, नवा पिस्टन पडला, आणि तीन दिवस इंजिन जसंच्या तसं हेलकावत राहिलं. हे तीन दिवस दादा आजही विसरतो. चौथ्या दिवशी दुकान बंद झाल्यावर मी कार्बोरेटर काढला. त्यात पेट्रोल साठतं त्या वाटीच्या तळाशी मधासारखा चिकट पिवळा थर होता. पायलट जेट दिव्यासमोर धरला तर उजेड आरपार येईना. थिनरमध्ये रात्रभर ठेवला, वायरमधली तांब्याची एक तार अलगद फिरवली, सायकलच्या पंपाने हवा मारली. सकाळी पहिल्याच दोरीला इंजिन चोकशिवाय एका सुरात. बाबा बाहेर येऊन दोन मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले.

दादाचं म्हणणं अजूनही, बोरिंगमुळेच सुधारलं, नवीन पिस्टन बसायला तीन दिवस लागतातच. तो जुना पिस्टन माझ्या कपाटात आहे. त्याच्या स्कर्टवर, म्हणजे खालच्या बाजूवर, एक उभा चरा नाही. बोर गेलेलं इंजिन निळा धूर काढतं, ऑइल पितं, दोरी हाताला ढिली लागते. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

तुम्ही आधी टाकी आणि वाटी रिकामी करा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळाभर ठेवलेलं पेट्रोल वापरूच नका. मग ताजं पेट्रोल भरून इस्त्रीचा लोड लावून पाहा. लोडवर हेलकावे थांबले तर पायलट जेटच. हल्लीच्या बऱ्याच जनरेटरांत तो स्टॉप-स्क्रूखाली दाबून बसवलेला असतो, स्क्रू किती फेरे फिरवला ते मोजून काढा आणि जेट हलकेच उचकटा. जेट स्वच्छ करूनही फरक नसेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधलं गॅस्केट बघा, तिथून हवा घेत असेल.

खरंच निळा धूर निघत असेल तर मेकॅनिक बरोबर असू शकतो, हे मान्य. पितळी जेटमध्ये स्टीलची पिन घालू नका, भोक मोठं होतं. थिनर आणि पेट्रोलचं काम अंगणात करा, इंजिन गार झाल्यावर, आणि जनरेटर खोलीत चालवू नका, त्याच्या धुराने माणूस दगावतो. नवा घ्यायचा की नाही ते जेट पाहिल्यावर ठरवा.

जेट उजेडासमोर धरून फोटो काढा आणि इथे टाका. मला तो दादाला दाखवायचाय.