अगदी छोट्या, शांत गावात राहणं कसं असतं? शहरातल्या माणसाला जमेल का?

मी बरीच वर्षं अशाच गावात राहतोय म्हणून सांगतो. शांततेचं लोकांना उगाच फार कौतुक असतं, ती महिन्याभरात अंगवळणी पडते आणि मग जाणवतही नाही. उलट बारीकसारीक आवाज जास्त ऐकू यायला लागतात. रात्री एक गाडी गेली तरी आवाजावरून कळतं कोणाची ते, आणि हा एवढ्या रात्री कुठे निघाला असेल असं मनात येतंच, आपल्या मनात आलं म्हणजे आणखी चार घरांत पण आलं असणार हे धरून चाला.

खरा फरक दुसरीकडेच आहे. इथे सगळं एकेकच असतं, डॉक्टर एक, दुकान एक, वायरिंगचं काम करणारा पण एक. आता समजा त्या वायरमनने अर्धवट काम करून ठेवलं आणि पैसे पूर्ण घेतले, तर शहरात तुम्ही त्याला चार शब्द सुनवाल, नंबर डिलीट कराल, विषय संपला. इथे तोच माणूस शाळेच्या समितीवर असतो, त्याची बहीण पोस्टात बसते आणि तुमची गाडी रस्त्यात बंद पडली की ढकलायला पण तोच येणार. मग माणूस राग गिळून "जरा बघता का, तो दिवा परत लागत नाहीये" एवढंच म्हणतो. बाहेरच्यांना हा गोडवा वाटतो, माझ्या मते निम्मा हिशोब असतो, पण वाईट नाही तो, त्यावरच गाव चालतं.

रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश संशोधकाने १९९० च्या दशकात मांडलं होतं की माणसाला साधारण १५० जणांशीच नीट ओळख टिकवता येते. आकड्यावर वाद आहेत, ते सोडा. पण शहरात ते १५० आपण निवडतो आणि छोट्या गावात ते आयते मिळतात, न आवडणाऱ्यांसकट. एकलकोंड्या माणसाला इथे निवांत वाटेल असं समजू नका हां, एकटं राहायचं तर शहरच बरं, तिथे कोण विचारतंय.

आजारपणाचं मात्र सिरीयसली बघा. मेंदूत गुठळी होऊन स्ट्रोक आला तर ती विरघळवायचं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यात स्कॅन पण आधी व्हायला हवा, म्हणजे स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल दोन तासांवर असेल आणि अँब्युलन्स यायलाच तास लागणार असेल तर काय उरलं? घरात वयस्कर माणसं असतील तर बाकी सगळं नंतर, आधी हे अंतर मोजा.

कंटाळा येतो का, तर येतो, विशेषतः संध्याकाळी. रात्री आकाश भारी दिसतं, लाइट गेले तर आकाशगंगा पण स्पष्ट दिसते, पण रोज कोण बघत बसतं.

घर लगेच विकत घेऊ नका. भाड्याने राहा, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात वाईट हवामानात. वीज गेल्यावर मोबाइलला रेंज राहते का ते बघा, घरून काम करणार असाल तर हा प्रश्न शेजाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारा, ओळख पण होईल.